शेवटची पत्रिका छापताना

पत्र

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहते. वय ६०, याच वर्षी बँकेतून निवृत्त झाले. आमच्याकडे दर डिसेंबरात तीन दिवसांचा साहित्य महोत्सव होतो. दोन संध्याकाळी व्याख्यानं, तिसऱ्या दिवशी सकाळी कविसंमेलन आणि संध्याकाळी समारोप. १९८० साली शाळेतल्या आमच्या मराठीच्या सरांनी चार मित्रांना घेऊन तो सुरू केला. मी तेव्हा दहावीत होते. नाक्यावरच्या फळ्यावर रंगीत खडूनं वक्त्याचं नाव लिहायचं काम माझ्याकडे असायचं. पुढे सासरही गावातच मिळालं आणि मी समितीत आले. आता बरीच वर्षं कार्यवाह आहे.

सर गेले. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, अजून दर वर्षी येतात आणि पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीत बसतात. करोनात दोन वर्षं खंड पडला, त्यानंतर माणसं परतलीच नाहीत. पूर्वी तीनशे खुर्च्या कमी पडायच्या. गेल्या वर्षी साठ जण होते, त्यातली निम्मी शाळेनं आणून बसवलेली मुलं. समितीत आम्ही सात जण, सर्वांत तरुण सदस्य ५४ वर्षांचा. जूनच्या बैठकीत ठरलं, यंदाचा डिसेंबर शेवटचा. कोणी विरोध केला नाही. मीही नाही.

घरी येऊन सांगितलं तर मिस्टर म्हणाले, "सुटलीस एकदाची." मी भयंकर चिडले. पण खरं सांगू? मलाही सुटल्यासारखंच वाटलं होतं, आणि त्याचीच आता लाज वाटते. पुण्याची वसंत व्याख्यानमाला दीडशे वर्षं चालते आणि आम्हाला पन्नास पुरी करता येऊ नयेत? लोक वाचत नाहीत, मुलांना मराठी नको, कोणाकोणाशी भांडायचं?

त्यात गावातले एक पुढारी सगळा खर्च उचलायला तयार आहेत. महोत्सवाला त्यांच्या वडिलांचं नाव द्यायचं आणि शेवटच्या संध्याकाळी ऑर्केस्ट्रा ठेवायचा, एवढीच अट. समितीतले दोघे म्हणतात, "घ्या, चालू तरी राहील." कॉलेजची दोन मुलंही भेटून गेली. त्यांना महिन्यातून एकदा कोणाच्या तरी गच्चीवर जमून वाचायचंय. अध्यक्ष नाही, शाल नाही, पत्रिका नाही. मला ते काही खरं वाटत नाही. काकूंना अजून सांगायचं धाडस झालेलं नाही. बँकेत स्मृती-व्याख्यानांच्या ठेवी आहेत, माझ्या माजघरातल्या कपाटात कॅसेटी, अभिप्रायवह्या आणि जुन्या पत्रिका. समारोपाचं भाषण माझ्याकडे आलंय. कागद पुढे घेऊन बसते, एक ओळ होत नाही.

काय करू?

उत्तर

ताई,

सुटल्यासारखं वाटलं त्याची लाज कसली? ऑगस्ट लागला की कार्यवाहाच्या डोक्यात काय सुरू होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. एका वक्त्याचा होकार येतो, मग तारीख जमत नाही म्हणून नकार येतो. शाळेचं पटांगण नेमकं त्याच आठवड्यात स्नेहसंमेलनाला दिलेलं असतं. मंडपवाल्याला त्याच तिथीला लग्नाची ऑर्डर. पत्रिका छापून आल्यावर लक्षात येतं की एका देणगीदाराचं नाव राहिलंय, आणि तेही अशा माणसाचं, जो ते आयुष्यभर विसरणार नाही. पाहुणे स्टँडवर उतरून फोन करतात तेव्हा त्यांना आणायला गेलेला मुलगा पेट्रोल पंपावर रांगेत असतो. इतकी वर्षं हे केल्यावर "आता नाही" असं ठरलं तर कोणाच्याही जिवाला बरं वाटेल. आणि वाईटही वाटेल. दोन्ही खरं आहे. एकानं दुसरं खोटं पडत नाही. मिस्टर बोलले ते खोटं नव्हतं, फक्त दोन दिवस आधी बोलले. त्यांच्यावरचा राग सोडा. इतक्या डिसेंबरांत तुमची वाट पाहून त्यांनीही गार पोळ्या खाल्ल्या असतील.

आता पुण्याची गोष्ट. वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, हे तुमचं बरोबर. पण ज्यांच्या नावानं तुम्ही स्वतःला कमी लेखताय त्याच रानड्यांचं दुसरं काम बघा. मे १८७८ मध्ये पुण्यात हिराबागेत ग्रंथकारांचं पहिलं संमेलन भरलं. पुढाकार रानडे आणि लोकहितवादींचा, अध्यक्षही रानडेच. दुसरं संमेलन भरायला १८८५ उजाडलं. तिसरं भरलं १९०५ मध्ये, तुमच्याच साताऱ्यात. मधली वीस वर्षं काही नाही. ज्याच्या अध्यक्षपदावरून आज दर वर्षी धुरळा उडतो त्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या यादीत दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकामध्ये वीस वर्षांची खाच आहे. पुढेही १९१७ नंतर एकदम १९२१ आणि त्यानंतर १९२६. साताऱ्यात मंडळी जमली तेव्हा लोकहितवादींना जाऊन तेरा वर्षं झाली होती आणि रानड्यांना चार. ज्यांनी मुहूर्त केला त्यांना न विचारता दुसऱ्यांनी पुन्हा दिवा लावला. त्याच्या दुसऱ्या वर्षी, १९०६ ला, महाराष्ट्र साहित्य परिषद स्थापन झाली.

तुमचाही महोत्सव वीस वर्षांनी उभा राहील असा दिलासा मी देत नाही. बहुधा राहणार नाही. सांगायचं एवढंच की थांबण्याचा काळिमा मराठीत कोणाला लागलेला नाही. लाज वाटायची तर ती दुसऱ्याच गोष्टीची वाटायला हवी, आणि ती आपल्याकडे सर्रास घडते. एखादी माला बंद पडते आणि कोणी सांगतच नाही. एका वर्षी "काही अपरिहार्य कारणास्तव" पुढे ढकलली जाते, पुढच्या वर्षी पत्रिका येत नाही, त्याच्या पुढच्या वर्षी कोणी विचारत नाही. ठेवी बँकेत पडून राहतात, वह्या कोणाच्या तरी माळ्यावर जातात आणि घर पाडताना रद्दीत. तुम्ही सात जणांनी एका टेबलाभोवती बसून, तोंडानं बोलून ठरवलंत. हे फार कमी संस्थांना जमतं. आता तेच गावाला सांगा. समारोपाच्या दिवशी स्टेजवरून धक्का देऊ नका, यंदाच्या निमंत्रणपत्रिकेवरच छापा: "हे महोत्सवाचे शेवटचे वर्ष." ज्यांना यायचंय ते त्या ओळीमुळे येतील. कदाचित खुर्च्या कमी पडतील. तशा पडल्या तर मात्र सावध राहा, कारण त्या संध्याकाळी कोणीतरी उठून "बंद कशाला करता, आम्ही आहोत ना" म्हणेल, टाळ्या पडतील, आणि ऑगस्टमध्ये त्या माणसाचा फोन लागणार नाही.

लोक वाचत नाहीत म्हणून माला बंद पडली, हे निदान मला अर्धवट वाटतं. तुम्ही बँकेतल्या, म्हणून तुमच्याच भाषेत बोलते. गावोगावच्या व्याख्यानमाला ज्या रचनेवर उभ्या राहिल्या ती व्याजाची होती. कोणाचे वडील गेले की घरच्यांनी पाच हजार रुपये आणून द्यायचे, "कै. अमुक स्मृतिप्रीत्यर्थ" एक व्याख्यान त्यांच्या नावे लागायचं. मुद्दलाला हात लावायचा नाही. नव्वदच्या दशकात मुदत ठेवीवर बारा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळायचं, म्हणजे वर्षाला सहाशे रुपये. वक्ता एसटीनं यायचा, कोणाच्या तरी ओटीवर झोपायचा, सकाळी पोहे खाऊन परतायचा. सहाशेत तिकीट, मानधन आणि हार भागायचा. आज त्याच पाच हजारांवर सात टक्के धरले तर साडेतीनशे येतात. त्यात बरी शालही येत नाही. तुमच्या ठेवी साधारण याच जातीच्या असणार. म्हणजे ज्या पायावर सरांनी घर बांधलं तो पाया दर वर्षी थोडा थोडा झिजत होता, आणि तुम्ही तो वर्गणीच्या पावत्या फाडून लिंपत होतात. शिवाय तेव्हा लेखक बघायचा तर तुमच्या पटांगणातच यावं लागे. आता तो मोबाइलवर दिसतो, रात्री अंथरुणात पडून. यात मुलांचा दोष काढण्यासारखं फारसं नाही. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, पण तालुक्याच्या गावात खुर्च्यांचं भाडं त्यातून सुटत नाही.

पुढाऱ्यांचं. त्यांना नाही म्हणा, आणि चहा पाजून म्हणा. ऑर्केस्ट्र्याला माझी हरकत नाही. गावात वर्षातून एकदा चांगली गाणी झाली तर कोणाचं काय बिघडलं? वडिलांच्या नावानं काही करावंसं वाटणं हेही चांगलंच. त्यांनी खुशाल करावं, स्वतःच्या मांडवात, स्वतःच्या नावानं, आणि तुम्ही सातही जणांनी पहिल्या वर्षी जाऊन बसावं. पण चव्वेचाळीस वर्षांची पाटी त्यावर लावू देऊ नका. "चालू तरी राहील" म्हणणाऱ्या दोघांना एकच विचारा: पाच वर्षांनी त्या मांडवातून एखादा वक्ता गावातल्या पाण्याच्या टँकरबद्दल वाकडं बोलला, तर माईक चालू राहील का? सरांच्या काळात वक्त्यानं अध्यक्षांची बिनपाण्यानं केल्याचे प्रसंग तुमच्याकडेही घडले असतील. ती मुभा तुमची होती, कारण पैसा शंभर जणांचा होता.

पैशाचं काम मात्र भाषणाच्या आधी उरका. उपक्रम थांबवणं आणि संस्था मोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महोत्सव बंद करायला कोणाची परवानगी लागत नाही, सर्वसाधारण सभेचा ठराव पुरे. संस्था विसर्जित करायची तर कायदा आडवा येतो. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली तुमची नोंदणी असेल, तर त्यासाठी तीन-पंचमांश सभासदांची संमती लागते, आणि देणी भागवून उरलेला पैसा सभासदांत वाटता येत नाही, तो दुसऱ्या संस्थेकडेच जावा लागतो. शिवाय धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक विश्वस्त संस्था (ट्रस्ट) म्हणून नोंदणी असणार. जुने विश्वस्त वारले आणि तो बदल कळवणारे चेंज रिपोर्ट नव्वद दिवसांच्या मुदतीत गेलेच नाहीत, ही तर घरोघरची कथा. तिथे सरांचं नाव अजून हयात विश्वस्त म्हणून असलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. जिल्ह्याच्या ठिकाणी ही कामं करणारा वकील आणि तुमचे नेहमीचे सीए, दोघांना एकत्र बसवा. माझं मत विचाराल तर संस्था घाईनं मोडू नका. दोन वर्षं नुसती राहू द्या, वर्षाचे हिशेब तेवढे वेळेवर भरा.

स्मृती-व्याख्यानांच्या ठेवींचा कागदापलीकडेही एक हिशेब आहे. ज्या ज्या घरानं पैसे दिले त्या प्रत्येक घराला पत्र लिहा. छापील नको, हातानं लिहिलेलं. तुमच्या वडिलांच्या नावे इतकी व्याख्यानं झाली, अमुक वर्षी अमुक वक्ते आले होते, आता ती रक्कम गावच्या वाचनालयाला पुस्तकांसाठी द्यावी असं समितीला वाटतं, तुमचं म्हणणं कळवा. बहुतेक जण "ताई, तुम्हाला योग्य वाटेल ते करा" म्हणतील. एखादं घर पैसे परत मागेल. त्यांच्याशी हुज्जत घालू नका, काय करता येतं ते वकिलाला विचारून सांगा. कोणी अमेरिकेत असेल, पत्ता लागणार नाही. तरी पत्र टाकल्याची नोंद ठेवा. पैसे वाचनालयाकडे जाताना ठरावात लिहून घ्या की ते पुस्तकांसाठीच आहेत. नाहीतर ते संगणकाच्या टेबलात आणि पंख्यांच्या दुरुस्तीत कधी विरघळतील ते कळणार नाही. शासनाचं अनुदान उशिरा येतं म्हणून वाचनालयांची ओढाताण असते, त्यांचाही नाइलाज असतो. म्हणूनच लिहून घ्यायचं.

काकूंकडे उद्या जा. परवा नाही. पत्रिका छापखान्यात जायच्या आत, फोनवर नाही, एकटीनं. समितीला घेऊन गेलात तर तो शिष्टमंडळाचा कार्यक्रम होईल, काकू पदर सावरून बसतील आणि "तुम्ही ठरवलंत ते बरोबरच" म्हणून मोकळ्या होतील. एकट्या गेलात तर बोलतील. त्या काय बोलतील ते मला सांगता येणार नाही, पण त्यांना सगळं नवीन असेल असं समजून जाऊ नका. पहिल्या रांगेत बसणाऱ्या माणसाला मागच्या रिकाम्या खुर्च्या दिसत नाहीत असं थोडंच आहे? उठताना, वळताना, चप्पल शोधताना त्या दर वर्षी दिसल्याच असतील. आणि एक. त्यांच्याकडून "बंद करा" अशी परवानगी मिळवायला जाऊ नका. सर त्यांचे होते, महोत्सवाचा निर्णय तुमचा आहे. तो त्यांच्या पदरात टाकलात तर या वयात त्यांना ते ओझं होईल. सांगा, बसा, त्यांनी विषय बदलला तर बदलू द्या. उठण्याआधी एवढं विचारा की समारोपाला त्यांना काही बोलायचंय का. नको म्हणाल्या तर आग्रह नको. कडेची खुर्ची ठेवाच, पण त्यांना स्टेजवर ओढून सत्कार करू नका. गुडघ्यांचा तरी विचार करा.

आता भाषण. ओळ होत नाही कारण तुम्ही चव्वेचाळीस वर्षांचा आढावा घ्यायला बसताय. आढावा स्मरणिकेत जाऊ द्या. भाषण आठ मिनिटांचं करा. महोत्सव का थांबतोय आणि पैसे कुठे जाणार, हे पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाका, म्हणजे मागच्या रांगेतली कुजबुज थांबेल. मग आभार. आपल्याकडे आभारप्रदर्शन कधी येतं? लोक खुर्च्या सरकवून उठलेले असतात, पोरं पायांत चपला अडकवत असतात, आणि आभार मानणारा माईकवाल्याचं नाव घेतो तेव्हा माईकवाला वायर गुंडाळत असतो. यंदा ते उलटं करा. ज्यांनी रात्री पटांगणाचं फाटक उघडलं, पहाटे सतरंज्या झटकल्या, साठ माणसांचा चहा शंभरांना पुरवला, वीज गेल्यावर जनरेटरसाठी धावले, त्यांची नावं आधी घ्या, उभं राहायला सांगा, आणि ते उभे असतानाच पुढचं बोला. देणगीदारांची नावं छापलेली आहेतच. त्यानंतर एक प्रसंग सांगा, एकच. रंगीत खडूचा सांगितलात तरी चालेल. त्या मुलीच्या हातात खडू कोणी दिला, नावात पहिल्यांदा चूक झाली तेव्हा कोण काय म्हणालं, ते सांगा. वक्त्यांची यादी वाचू नका. मोठी नावं घेतली की सभा टाळ्या वाजवते आणि तुम्हाला काय म्हणायचं होतं ते राहून जातं.

शेवटच्या संध्याकाळचा वक्ता "एका महोत्सवाची सांगता" या विषयावर बोलणार नाही याची काळजी घ्या. त्याला नेहमीसारखा विषय द्या. शेतीवरच्या कादंबऱ्या, बालसाहित्य, भाषांतर, जो काही तुमच्या मनात असेल तो. तीन दिवस नुसता निरोप समारंभ झाला तर दुसऱ्या दिवशी दुपारीच लोक कंटाळतील. महोत्सव महोत्सवासारखा होऊ द्या आणि शेवटी पसायदान झाल्यावर लोकांना घरी जाऊ द्या.

स्मरणिकेत एक पान मोकळ्या मनानं लिहा: आपल्याकडे कोण आलं नाही. १८८५ च्या त्या दुसऱ्या संमेलनाचं निमंत्रण जोतीराव फुल्यांनाही गेलं होतं. त्यांनी पत्र लिहून नकार कळवला. जे लोक इतरांना माणुसकीचे हक्क द्यायला तयार नाहीत त्यांच्या सभेशी आणि त्यांच्या पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा रोख होता. त्या संमेलनातलं एखादं भाषण आज कोणाला आठवतंय? पत्र मात्र आजही वाचलं जातं. पुढे १९५८ मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, अण्णाभाऊ साठ्यांनी त्याचं उद्घाटन केलं. ज्यांना एका मांडवात जागा नव्हती त्यांनी दुसरा घातला. तुमच्या पत्रिकांचा गठ्ठा समोर घ्या आणि वक्त्यांची आडनावं नजरेखालून घाला. बायका किती, वाड्यावस्त्यांवरचे किती, गावातल्या उर्दू शाळेत कधी पत्रिका गेली का. काही वर्षं अभिमान वाटेल, काही वर्षं मान खाली जाईल. दोन्ही छापा. साठ खुर्च्या का उरल्या याचं थोडं उत्तर त्यात असू शकेल. समितीतल्या एखाद्याला हे झोंबेल. झोंबू द्या.

आणि यावरूनच त्या गच्चीवरच्या मुलांकडे येते. "काही खरं वाटत नाही" असं तुम्ही लिहिलंत. ताई, १९८० साली चार मित्र आणि एक शिक्षक शाळेच्या पटांगणात साहित्य महोत्सव करणार म्हणाले तेव्हा गावातल्या जाणत्यांनी काय म्हटलं असेल? मुलं तुमच्याकडे आली, हे लक्षात घ्या. परस्पर केलं असतं तर तुम्हाला कळलंही नसतं. त्यांना नाव देऊ नका, वारसाही देऊ नका. "आता तुमच्या खांद्यावर" वगैरे स्टेजवरून बोललात तर पुढच्या महिन्यात गच्ची रिकामी होईल. द्यायच्याच असतील तर वस्तू द्या: स्पीकर, दोन सतरंज्या, जिल्ह्यातल्या लिहित्या माणसांचे फोन नंबर. बोलावलं तर जा आणि मागे बसा. त्यांनी सूत्रसंचालन केलं नाही, वेळ पाळली नाही, कोणीतरी मोबाइलमधून वाचलं, तर ओठ घट्ट मिटून घ्या. तुमच्या समितीतल्या एखाद्या सदस्याला गच्चीवर गेल्यावर मार्गदर्शन करायची उबळ येईल. त्याला खालीच चहाला थांबवा. आणि त्यांचं सहा महिन्यांत बंद पडलं तर "मी म्हटलंच होतं" म्हणू नका.

कपाटाला हात घालायचा तो महोत्सवाच्या आधी, नंतर नाही. नंतर तुम्हाला ते उघडवणार नाही. पत्रिकांचे पूर्ण संच जमतील तितके लावा. एक गावच्या वाचनालयात, एक जिल्ह्याच्या ग्रंथालयात, एक कॉलेजच्या मराठी विभागात. अभिप्रायवह्यांचं प्रत्येक पान मोबाइलनं नाही, स्कॅनरवर घ्या. शाईच्या पेनानं लिहिलेलं फिकं पडत जातं. कॅसेटींचं काम जिकिरीचं आहे. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची डिजिटल प्रत करायला नव्वद मिनिटंच लागतात, घाई चालत नाही. आधी प्रत्येक कॅसेट उजेडात धरून बघा. टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा आणि टेपरेकॉर्डरमध्ये मुळीच घालू नका, नाहीतर यंत्राचं हेड खराब होईल आणि बुरशी पुढच्या दहा कॅसेटींना लागेल. तशा कॅसेटी जाणकाराकडेच द्या. बाकीच्या एखाद्या चालू डेकवरून उतरवून तीन वेगळ्या ठिकाणी ठेवा. गच्चीवरची मुलं यात उपयोगी पडतील, त्यांना असली कामं येतात आणि आवडतातही. पण सगळं लगेच इंटरनेटवर टाकू नका. १९५७ च्या कायद्यानं भाषणाचा कॉपीराइट भाषण करणाऱ्याचा असतो, आणि त्याच्यामागे साठ वर्षं वारसांचा. घरच्यांना एक पत्र लिहून संमती घ्या. वडिलांचा आवाज घरात कुठेच नाही, अशी कितीतरी लेखकांची घरं असतात. तुम्ही परवानगी मागायला जाल आणि तेच तुमच्याकडे प्रत मागतील.

राहता राहिला डिसेंबरनंतरचा काळ. आताच काही नवीन हाती घेऊ नका. गावात बातमी पसरली की ज्येष्ठ नागरिक संघ, भिशी, भजनी मंडळ, सगळे तुमच्याकडे "आता तुम्ही मोकळ्या" म्हणत येतील. बँकेतून निवृत्ती आणि महोत्सवाची सांगता एकाच वर्षी आली आहे, हे साधं नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये फोन वाजला नाही की अस्वस्थ व्हाल. तेव्हा मिस्टरांशी बोला, या वेळी त्यांना योग्य वेळ साधता येईल अशी आशा करू.

आणि एक काम माझ्याकडून. मांडव घातलेल्या घरातल्या माणसांना लग्न कधी लागलं ते कळत नाही, तसं कार्यवाहानं एकही व्याख्यान धड ऐकलेलं नसतं. अर्धा कान वक्त्याकडे, अर्धा जनरेटरकडे. तुमचा महोत्सव आटोपला की तीनेक आठवड्यांत संक्रांत येते. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी औदुंबरला संक्रांतीच्या दिवशी साहित्य संमेलन भरतं, सदानंद साहित्य मंडळ ते १९३९ पासून भरवतंय. भिलवडी स्टेशनवर उतरून जाता येतं, तुम्हाला सकाळी निघून रात्री परत येण्यासारखं आहे. काकूंना झेपत असेल तर त्यांनाही घ्या. कोणाला ओळख सांगू नका, नाहीतर ते तुम्हाला धरून स्टेजवर बसवतील. मधल्या रांगेत बसा, तिळगूळ घ्या, आणि एक भाषण पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत ऐका. कंटाळवाणं निघालं तर उठून नदीवर जा. तेवढी मोकळीक आता तुम्हाला आहे.